दिव्यावर चिकटवलेली देवी

देवी आपलं ऐकते का, असा संशय मला अधूनमधून यायचा. आता तो आठवला तरी मान खाली जाते.

आम्ही लांज्याला राहतो. हे बोटीवर असतात, त्यामुळे सासूबाईंना रत्नागिरीला डॉक्टरांकडे गाडीनं मीच नेते. हे फोनवर विचारायचे, "गाडी दाखवलीस का?" मी बेधडक "हो" म्हणायचे. कुठली दाखवतेय! गॅरेजमधून सर्व्हिसिंगसाठी फोन आला की माझं "बघू पुढच्या आठवड्यात" ठरलेलं. दसऱ्याला मात्र गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. पुढे इंजिन तापल्याचा लाल दिवा अधूनमधून लागायला लागला. त्याच्याकडे बघून जीव खालीवर व्हायचा, म्हणून मी काय करावं? ग्रामदेवीचा एक छोटा स्टिकर होता, तो नेमका त्या दिव्यावर चिकटवला आणि म्हटलं, "आता तूच बघ गो बाय." यालाच शरण जाणं म्हणतात, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

त्या सोमवारी आईंना, म्हणजे सासूबाईंना, धाप लागली. घाईघाईनं निघालो आणि अंजणारीच्या घाटात बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली. गाडी बंद. आईंचे ओठ निळे पडत चाललेले. अँब्युलन्सला फोन लावला, तर ती लांब होती. एरवी उठसूट देवीला हाक मारणारी मी, पण तेव्हा हात जोडवेनात. कोणत्या तोंडानं जोडणार?

तेवढ्यात लांज्याच्या बाजारात मासे विकून परतणारा एक टेम्पो आपणहून थांबला. मी हातसुद्धा केला नव्हता. चालवणाऱ्याची बायको खाली उतरली नि म्हणाली, "आजीना पुढं बसवा. मी बसतंय मागं." मग जरा ओशाळून आईंना म्हणाली, "वास येल हां आजी." सोमवारी घरात माशाचं नावही काढू न देणाऱ्या आमच्या आईंनी तिचा हात घट्ट धरला, तो टेम्पोत चढेपर्यंत सोडला नाही. मी तिच्याबरोबर मागे रिकाम्या क्रेटांत बसले. गाडीला काय झालं म्हणून तिनं विचारलं. "अचानक बंद पडली," मी म्हणाले. तिथंसुद्धा खोटं!

वेळेत पोचलो म्हणून आई वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर धावले तोवर टेम्पो निघून गेला होता. त्या माउलीचं नावही विचारायचं राहिलं.

गॅरेजमध्ये कळलं, इंजिनाच्या पाण्याचा साधा पाइप बरेच दिवस गळत होता. वेळेवर बदलला असता तर भागलं असतं, आता सगळं इंजिन खोलावं लागलं. मी रडत रडत आईंना खरं काय ते सांगितलं. "अगो, तिनं दिवा लावून सांगितलं, आणि तू तिलाच त्याच्यावर बसवलंस?" आई एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गाडी वेळच्या वेळी दाखवते. आपल्या हातातलं काम करून मग देवीच्या पायाशी बसावं, एवढं मला कळलं आहे.

आई बऱ्या झाल्यावर आम्ही देवळात गेलो. गाऱ्हाणं घालायला उभे राहिलेल्या गुरवांनी विचारलं, "काय मागायचं?" मी आईंकडे पाहिलं. आईच म्हणाल्या, "त्या टेम्पोवाल्या बाईचा संसार सुखाचा ठेव म्हणावं."

गुरवांनी तसं गाऱ्हाणं घातलं. जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हटलं. माझा आवाज सगळ्यांच्या मागाहून, एकटाच आला.