बहिऱ्या आजीपाशी

माझ्या नातवाला घरात सगळे लांब्या म्हणतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दारातून आत येताना मान वाकवतो आणि मग वर करायची विसरतो.

त्यांच्या कॉलेजात एक बाई दर आठवड्याला पोरांना गोल करून बसवतात आणि मनातलं बोला म्हणतात. पोरं बोलतात, रडतात, मोकळी होतात. लांब्याचं तोंड काही उघडेना. शेवटी बाई म्हणाल्या, आधी घरी कुणापाशी तरी सवय कर.

त्यानं मला निवडलं, कारण मी ठार बहिरी. दुपारी लसूण सोलत बसले की समोर येऊन हळूच बोलायचा. माझं उमेदीचं वय कापडगिरणीत गेलं, कानही तिथेच गेले. मागांच्या खडखडाटात आम्ही बाया ओठ बघूनच एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायचो. घरचे माझ्याशी ओरडून बोलतात, आणि ओरडल्यामुळेच मला समजतं असं त्यांना वाटतं. लांब्यालाही तसंच वाटायचं.

"आजी, हे शिक्षण माझं नाही गं. सगळ्यांना आपण कोण ते सापडतंय. मी शोधायला गेलो तर आत कुणीच नाही."

मी मख्ख चेहऱ्यानं लसूण सोलत राहायची. कळतंय असं दाखवलं की पोराचं बोलणं बंद, एवढी अक्कल मला होती. आणि त्याला धीर येत होता. एकदा म्हणाला, "या वेळी तिथं बोलतो. मग बाबांना सांगतो. पण बाबांना गाठायचं कधी? जागे असले की ओरडतात, झोपले की घोरतात. मधे एक जांभई असते, तेवढ्यात उरकायचं."

मला फस्सकन हसू आलं.

तो थांबला. "आजी, तुला ऐकू येतं?"

"नाही रे. दिसतं."

"पहिल्यापासून?"

मी मान हलवली. चिडला असता तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाला, सांडलेली सालं गोळा केली आणि उठला. त्या आठवड्यात तो बाईंकडे गेला नाही. पुढेही नाही.

मी एकदा हात धरून बसवलं. "बापाला सांग. मीच जन्माला घातलाय, खाणार नाही तुला."

"काय सांगू?"

"मला सांगत होतास ते."

"ते तुला नव्हतो सांगत, आजी."

मुलगा माझा खूश आहे. म्हणतो, पोरगं ताळ्यावर आलं, कुरकुर नाही, वेळेवर जातं. काल दोघं जाऊन तिसऱ्या वर्षाची फी भरून आले.