अठ्ठावन्न आलाच नाही

आमच्या रायपूरच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला एक अज्ञात वायू ओळखायचा असतो. डबा तोलायचा, थोडा वायू पाण्यावर गोळा करायचा, डबा पुन्हा तोलायचा. वजन, आकारमान, तापमान, दाब हाती आले की आदर्श वायूच्या सूत्रातून रेणुभार निघतो. त्यावरून वायूचं नाव सांगायचं. पण तो अज्ञात कुणालाच नसतो. लायटरमध्ये भरायचा गॅस, म्हणजे ब्यूटेन, म्हणजे अठ्ठावन्न. पोरं आधी अठ्ठावन्न लिहितात आणि त्यावरून वजन उलटं काढतात.

ही रीत पोरांची नाही, त्यांच्या मास्तराची, म्हणजे माझी. निकाल चांगला दिसावा म्हणून मीच तो आकडा त्यांच्या कानावर घातला. इतकी वर्षं गप्प होतो. आज बोलतोय, पण माफी मागायला नाही.

यंदा भनपुरीच्या एका मुलीचा आकडा आला चोपन्न.

"काहून गं पोट्टी? सगळ्यांचा अठ्ठावन्न आहे."

"सर, अट्ठावन तो मुझे भी पता है. पण येऊन नाही राहिला, तर लिहू कशी?"

तिचं गणित तपासलं. पुस्तकातला ७६० मिलिमीटरचा दाब तिनं घेतलाच नव्हता. भिंतीवरचा दाबमापक वाचला होता. रायपूर समुद्रसपाटीपासून उंच, इथे दाब कमीच असतो. वरून पाण्याच्या वाफेचा दाबही वजा केलेला. चूक सापडेना.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. "ब्यूटेन चौवन कब से हो गया? नंबर काटिए."

"डब्यात नुसता ब्यूटेन नसतोच," मी म्हणालो. "प्रोपेन मिसळलेला असतो, तो हलका. तिचंच बरोबर आहे."

"मतलब बाकी सब गलत?"

"हव."

"एक लड़की के लिए पूरी बॅच?"

"बॅच मी बिघडवली. तिचे गुण कापले तर गुणपत्रकावर माझी सही मिळणार नाही."

दोघांच्या सह्यांशिवाय ते कागद पुढे जात नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मैं रिपोर्ट करूँगा."

"करा. माझं नाव सगळ्यात वर लिहा."

तिचे गुण तिला मिळाले. बाकीच्यांना मी प्रयोग पुन्हा मांडायला लावला. "सर पगला गए हैं," कुणीतरी पुटपुटलं. मी ऐकलं. खुर्ची ओढून दारात बसलो. खरं वजन घेतल्याशिवाय कुणी घरी जाणार नव्हतं.