लख्ख फिशटँक

सकाळी चहा घेऊन फिशटँकपुढे बसले, तर एंजल मासा एका चिमुकल्या टेट्राचा डोळा उपटत होता. टेट्रा अजून जिवंत होता, शेपटी झाडत होता. बाकीचे मासे वर येऊन आ वासून धापा टाकत होते.

चारच दिवसांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खसाखसा पिळला होता. तपकिरी, बुळबुळीत घाण निघाली, तेव्हा काय समाधान वाटलं! वाळू उकरून धुतली, रोपांच्या मुळांवरचा गाळसुद्धा खरवडून काढला. पाणी लख्ख झालं.

मासे घेतले त्या दुकानदाराला फोन केला. "ताई, ती घाण नव्हती, जिवाणू होते," तो म्हणाला. "माशांची घाण तेच पचवतात. तुम्ही अख्खं गाव कापून काढलंत. आता मासे आपल्याच विषात मरतायत."

घासणं, खरवडणं, उपटणं, चिरडणं. माझ्या दिवसाची क्रियापदंच ही. मुंग्या, कोळी, शेवाळ, बुरशी... चाळीस वर्षांत कुणालाही न विचारता मारत आले, आणि लोक म्हणत आले, घर कसं आरशासारखं ठेवते!

रोज थोडं थोडं पाणी बदलून चार मासे वाचले, रोपं तगली. एंजलही वाचला. महिन्याभरात काचेवर हिरवं शेवाळ धरलं. काल शेजारीण आली, काचेवर बोट फिरवून म्हणाली, "अगं, हे जरा पुसून घे की!"

माझे हात शिवशिवले. मी ते मांड्यांखाली दाबून बसले.