शाईचा ठिपका लावलेला नारळ

आमच्या व्याह्यांसारखा देवभोळा आणि तेवढाच डोक्याला ताप देणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा कोणी दाखवला, तर मी मिशी उतरवून देईन. मी दुसरीपर्यंत शिकलेला, लिहिणं माझं काम नाही. पण त्यांच्याबद्दल लोक जे बोलायलेत ते ऐकून डोकं भणाणलं, म्हणून बसलो लिहायला.

व्याही, आमच्या बोलीत इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पूर्णेला त्यांचा चार पानांचा साप्ताहिक पेपर. बातमी आणणारे तेच, लिहिणारे तेच, परभणीहून छापून आणून सायकलवर घरोघर टाकणारेही तेच. खरं छापायची खोड इतकी, की स्वतःच्या पोरीच्या लग्नाच्या बातमीतसुद्धा लिहिलं, 'वराच्या वडिलांच्या रुसव्यामुळे पंगत दोन तास उशिरा बसली.' वराचा बाप म्हणजे मी! सहा महिने त्यांच्याशी बोललो नाही. मग स्वतःच आले आणि म्हणाले, "इवाई, दोन तास न्हवते का? मी घड्याळ बघितलं व्हतं." होते दोन तास. शेवटी चहा पाजला.

देवाचं तर विचारूच नका. जत्रेची बातमी लिहायची तर आधी अंघोळ, मग चपला काढून मांडी घालून लिहिणार. पण पेपरात देवाचा फोटो कधीच नाही, अगदी हनुमान जयंतीलाही नाही. म्हणायचे, "आज पेपर वाचतेत, उद्या त्याच्यात भजे बांधतेत. देवावर तेलाचे हात पुसू देऊ का?" हॉटेलात दुसऱ्या कुठल्या पेपरातला देव भज्यांखाली दिसला, की तो कागद काढून घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि नदीत सोडून यायचे. त्यांच्या सदऱ्याचा खिसा कायम तेलकट. विहीणबाई वैतागून गेल्या धुऊन धुऊन.

आमच्या गावातल्या मारुतीला नवसाचा नारळ फोडत नाहीत, अख्खाच पायाशी ठेवतात. व्याही दर शनिवारी दर्शनाला येतात. एका शनिवारी त्यांनी पाच नारळ घेतले, शेंडीखाली शाईचा बारीक ठिपका लावला आणि देवापुढं ठेवले. पुढच्या शनिवारी त्यातले दोन बाहेरच्या दुकानात पुन्हा विकायला! तेच घेऊन पुन्हा ठेवले, तर त्यातला एक तिसऱ्या शनिवारीही दुकानात हजर. झालं. पहिल्या पानावर बातमी आली, 'एकच नारळ, तीन शनिवार.'

देवस्थान समितीच्या भावना दुखावल्या म्हणे! अरे, भावना कोणाच्या दुखायला पाहिजेत? लेकराच्या दुखण्यासाठी नवस बोलून जी बाई नवा नारळ समजून जुनाच वाहते, तिच्या का तुमच्या? चाळीस-पन्नास जण पेपरच्या खोलीवर चालून गेले. कळलं तसा मीही गेलो. अध्यक्ष दारातूनच ओरडत होते, "माफी छापा! अन् पहिल्या पानावर मारुतीरायाचा हे मोठा फोटो छापा!"

व्याही शांतपणे म्हणाले, "अध्यक्षसाहेब, नारळ खोटा ठरवा, माफी छापतो. फोटो तेवढा जमणार न्हाई."

"बघा! बघा!" मागून एकजण म्हणाला. "एका बी अंकात देव न्हाई याच्या! नास्तिक हाय नास्तिक!"

माझं टाळकंच सरकलं. मी पुढं होऊन म्हणालो, "माझ्या रुसव्याची बातमी यांनीच छापली. लय राग आला, पण खोटी हाय असं म्हणायची हिंमत मला बी झाली न्हाई. तुमाला हाय का? हात वर करा!"

हात कोणाचाच वर झाला नाही. पेपरचे गठ्ठे मात्र उचलून नेले आणि चौकात जाळले. मग एकेका दुकानदाराला दम भरला, जाहिराती बंद. घरमालकानं हात जोडून खोली रिकामी करायला सांगितली. पेपर बंद पडला. समितीचा निरोप अजून येतो, माफी मागा, सगळं पहिल्यासारखं होईल. व्याही म्हणतात, "देवाच्या नावानं खोटं छापू का?"

आणि हा नास्तिक माणूस त्याच देवळात शनिवारी येतोच! परवा मी त्यांच्या मागं रांगेत होतो. त्यांनी तीर्थासाठी ओंजळ पुढं केली, तर पुजाऱ्यानं पळी उचललीच नाही. व्याही ओंजळ तशीच धरून उभे. मागची रांग कुजबुजायला लागली. मी म्हणालो, "महाराज, यांना न्हाई तर मला बी नको." माझ्या मागची म्हातारीही हात मागं घेऊन उभी राहिली. पुजाऱ्यानं एकदा बाजूला उभ्या असलेल्या अध्यक्षांकडं बघितलं, एकदा मारुतीकडं. मग मान खाली घालून व्याह्यांच्या हातावर पळी रिकामी केली.

बाहेर चपला घालताना व्याही म्हणाले, "इवाई, मोठं काम केलं बरं का त्या माणसानं. हे छापून यायला पाहिजे व्हतं."

मी नुसता त्यांच्या सायकलला हात लावून उभा राहिलो.