एकतीस पत्रं

हेनिंग ओल्टमानला सहीचा अधिकार मिळाला त्या दिवशी त्याने ऑफिसला बटर केक आणला. विब्के ताम्मेनने दोन तुकडे खाल्ले, त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि घरी जाऊन ॲसिडिटीची गोळी घेतली. केकमध्ये काही खोट नव्हती. पोटात दुखायचं कारण वेगळंच होतं.

ब्रेमेनच्या त्या पंप कंपनीत ती सव्वीस वर्षं होती. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पंपाचे कागद तिच्या टेबलावरून जायचे. बँकेचा माणूस कुठल्या ओळीवर अडेल हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. हेनिंग तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान; त्याला हे काम शिकवलं तिनेच. आणि कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार, सरकारी नोंदणीत नाव, गाडी लावायला नावाची पाटी असलेली जागा, हे सगळं मिळालं त्याला. रोज सकाळी तो त्या पाटीसमोर गाडी लावायचा आणि ही खिडकीतून बघत रोज नव्याने जळायची. सुट्टीच्या दिवशी जरा बरं वाटायचं.

बँकेला जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. दुसरी सही म्हाताऱ्या बोर्शर्सची असे. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बोर्शर्सने अचानक पाठदुखीचं कारण सांगून नोकरी सोडली. पुढच्याच आठवड्यात तो आपल्या बागेत खताची पोती उचलताना दिसला. विब्केने त्याला हात केला, पण थांबून विचारलं काही नाही. विचारायची गरजच नव्हती. इराणवर निर्बंध होते. कागदोपत्री पंप दुबईच्या व्यापाऱ्याला जात होते, आणि खोक्यांत माहितीपुस्तिका मात्र फारसी भाषेतल्या भरल्या जात होत्या. बँकेला लेखी सांगायचं होतं की हा माल इराणला जाणार नाही.

बोर्शर्सची जागा मालकांनी तिला देऊ केली. तिने ती लगेच घेतली, आणि चाळीस माणसांना पुरेल एवढा केक घेऊन ऑफिसला गेली.

"विब्के, आता अहो-जाहो पुरे," हेनिंग सगळ्यांदेखत म्हणाला. "मी हेनिंग."

वरच्याने आधी म्हणायचं, मग खालच्याने, अशी तिथली रीत. "बरं, हेनिंग," ती हसून म्हणाली. मनात म्हणाली, मेल्या, तू कोण मला वर घेणार!

पुढचे चौदा महिने तिने सह्या केल्या. तिची सही त्याच्या सहीशेजारी, उजवीकडे. महिन्यागणिक ती जरा मोठी होत गेली. मग एका सकाळी कस्टमची माणसं रिकामी खोकी घेऊन आली आणि कागदांनी भरून घेऊन गेली. आरोप होता बँकेला फसवल्याचा, मालक, हेनिंग आणि विब्के अशा तिघांवर.

"ताम्मेनबाई, एकच वाक्य पाठ करा," तिची वकीलबाई म्हणाली. "कागद समोर आला, मी सही केली. यापुढे एक शब्द नाही. डोकं त्या दोघांचं होतं असं सगळेच धरून चाललेत. संध्याकाळी घरी कॉफी प्याल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दोनतीन वर्षं आत. असलं बोलू नका हो."

विब्केने वाक्य पाठ केलं. कोर्टात हेनिंगची पाळी आधी आली. तिथेही आधी तोच! राखाडी सूट, चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत. पत्रं आपली असल्याचं त्याने कबूल केलं. मग तिच्याकडे बघून, अगदी मनापासून, तो म्हणाला, "ताम्मेनबाईंना यात ओढू नका. त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्या बिचाऱ्या सांगितलेल्या जागी सही करायच्या."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. पत्रकारांनी विब्केकडे बघितलं, कीव आल्यासारखं. माणूस तिला वाचवत होता हे तिला दिसत होतं, आणि तरी अंगाचा तिळपापड झाला. बिचारी! तीस वर्षं व्हायला आली, आणि हा मला बिचारी म्हणतो!

तिची पाळी आली. वकीलबाईने तिचा दंड हलकेच दाबला. विब्के उभी राहिली.

"न्यायाधीशबाई, याला साधं पत्र लिहिता येत नाही," ती म्हणाली. "याच्या मसुद्यात होतं, 'आमच्या माहितीनुसार माल इराणला जाणार नाही.' माहितीनुसार! असं वाचून बँकेने दुसऱ्याच दिवशी फोन केला असता. तो शब्द मी खोडला. दुबईचा पत्ता नीट मी घातला. एकतीस पत्रं गेली, एकावरही बँकेने प्रश्न विचारला नाही. ती पत्रं माझी आहेत, याची नव्हेत."

वकीलबाईने फाईल मिटली. हेनिंग आ वासून बघत राहिला.

"ताम्मेनबाई," न्यायाधीशबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"मला सगळं कळतं," विब्के म्हणाली. "तेच तर सांगतेय. लिहून घ्या."