रांजणावरची पाटी

ओगराळं तिच्या हातात व्हतं. अर्धं पाणी पिऊन झालेलं. तेवढ्यात आमच्या गाळ्याचा मालक मोटारसायकलवरनं उतरला. त्यानं ओगराळं तिच्या हातातनं हिसकलं आणि उरलेलं पाणी माज्या पायावर ओतलं. ती ऊसतोडीला आलेली बाई. घाबरून कोयता उचलला आणि गेली. मालक मला म्हणाला, "कुणाचं पाणी हाय ते लिव्हायचं. लोकास्नी कळू दे."

माजं डोकं पहिल्यापासनं तापट. पण त्या दिवशी मी नुसतं रांजणावर झाकण ठेवलं. ओल्या चपला घालून तशीच हुबी राहिले.

पारगावकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाद्यांचं दुकान व्हतं. कापूस पिंजायचा, गादी भरायची, टाके घालायचे. आधी अब्बा करायचे, मग मी करायला लागले. ह्या मालकाच्या लग्नातली गादी अब्बांनी भरलीय. त्याची आई अंथरुणाला खिळली तवा तिला टोचू नये म्हणून अब्बांनी कापूस दोनदा पिंजून दिला. त्या गादीवर झोपताना ती कुणाच्या हातची, हे ह्या लोकांनी कधी विचारलं न्हाई.

रांजण अम्मीच्या नावाचा. अम्मी गेली तवा मी नववीत व्हते. तिचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी अब्बांनी दुकानाम्होरं रांजण पुरला. अर्धा जमिनीत, वर ओलं गोणपाट, फळीचं झाकण, लांब दांड्याचं ओगराळं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी सदका करतात. सदका म्हणजे आपल्या खुशीनं दिलेलं, कुणी मागितलेलं न्हाई, कुणाची सक्ती न्हाई. ज्याला जे जमंल ते. रस्त्यातला काटा उचलून बाजूला टाकला तरी सदका, असं अब्बा सांगायचे. आमाला पाणी जमत व्हतं. कुणी घोटभर प्यालं की त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, अम्मीला पोचतो, एवढा साधा हिशोब. आणि अब्बांची एक ताकीद. नाव लिव्हायचं न्हाई. दिलेलं सांगितलं की ते गेलं. म्हणून इतकी वर्षं रांजणावर अम्मीचंसुद्धा नाव न्हवतं.

आणि आता हा म्हणतो, लिव्ह.

मला वाटलं अब्बा भांडतील. ते खाली बघत म्हणाले, "लगा दे बेटा. गाळा जायेगा."

मालकानं पाटी तयारच पाठवली. पत्र्याची, लाल अक्षरात. हे पाणी मुसलमानाचं आहे. तार पण त्यानंच दिली. बांधली मात्र मी, माज्या हातानं. हे मी कुणापासनं लपवत न्हाई.

दुसऱ्या दिवसापासनं माणसं यायची, पाटी वाचायची आणि शेजारच्या टपरीवर बाटली घ्यायची. त्यात ओळखीचे बी व्हते. एकजण हसून म्हणाला, "आमाला काय न्हाई वो ताई, पण उगं कशाला." त्याच्या त्या 'उगं कशाला'नं मला लई मारलं. संध्याकाळी झाकण काढलं की रांजण काठोकाठ. मला वाटायचं, अम्मी तिकडं तहानलेली बसलीय. खुळेपणा म्हणा. पण वाटायचं.

मग एक दिवस मेंढरंवाली आली. दर साली त्यांची मेंढरं ह्या रस्त्यानं जातात आणि ती आमच्याकडं थांबतेच. पाणी पिते, अम्मीची आठवण काढते, माज्या लग्नाचं विचारते. तिला वाचता येत न्हाई. ओगराळं भरलं आणि पाटीकडं बोट करून म्हणाली, "काय लिव्हलंय गं बाय?"

पाटी बांधली व्हती, पण तोंडानं कधी वाचली न्हवती. खोटं सांगावं असं मनात आलं. दुकानाचं नाव हाय म्हणावं. पण माजी मान वर होईना, आणि मी वाचून दाखवलं. सगळं. स्वतःच्याच पाण्यापासनं माणसाला सावध करायचं काम माज्याच तोंडी आलं.

"तू कोण हायेस मला ठावं न्हाई व्हय," ती म्हणाली. मग तिनं रस्त्यापलीकडं बघितलं. तिचा माणूस मेंढरात हुबा व्हता. त्याच्याशेजारी गावातले दोघं. तिघंबी हिकडंच बघत व्हते. तिनं ओगराळं हळूच रांजणात रिकामं केलं. "राग मानू नगंस," म्हणाली, आणि तहानलेलीच गेली.

मालकानं पायावर पाणी ओतलं तवा एवढं लागलं न्हवतं. तो तसाच हाय, मला माहीत हाय. ही चांगली बाई. चांगल्या बाईला माज्या पाण्याची भीती घालायला पाटी मीच बांधली व्हती.

मी सुई ठेवली. पक्कड घेतली. तार तोडली आणि पाटी नेऊन मालकाच्या ओट्यावर टाकली.

"ही लावणार न्हाई," मी म्हणलं.

"मग गाळा सोड."

"सोडते."

एवढंच बोलणं झालं. गाळा सुटला. रांजण उकरून काढताना तडकला. आता घरातच गाद्या भरते, पण काम पहिल्यागत येत न्हाई. मंचरच्या बाजारातनं दुसरा रांजण आणला आणि रस्त्याकडंच्या चिंचेखाली ठेवला, ती जागा कुणाच्या बापाची न्हाई. अब्बा म्हणतात, बस कर, अम्मी समजून घील. मी त्यांच्यावर चिडत न्हाई. ते दमलेत.

पाणी कुणी पीत न्हाई. कधी एखादा नवखा ड्रायव्हर. दुपारी एक लंगडं कुत्रं येतं, त्याला मातीच्या परळात देते. हे गाव बदलंल असं मला वाटत न्हाई. आधी वाटायचं, आता ते बी गेलं. रोज सकाळी हापशावरनं सहा हंडे आणते. सांजच्याला उरलेलं पाणी चिंचेच्या बुंध्याला ओतते आणि रांजण घासते.

परवा मालकानं चारचाकी गाडी थांबवली. काच खाली करून म्हणाला, "कोण पितंय गं तुजं पाणी?"

मी ओगराळं भरून त्याच्याम्होरं धरलं. "तुमी प्या."

काच वर गेली. गाडी गेली. ते ओगराळं मी कुत्र्याच्या परळात ओतलं आणि रांजणावर झाकण ठेवलं. उद्या परत भरणार. कुणी फोडला तर तिसरा आणणार. आणि त्याच्यावर कुणाचंच नाव येणार न्हाई, माज्या आईचं बी न्हाई.