प्रयोगशाळेचं छत

बाई विज्ञान शिकवायच्या, आणि एकदा डोक्यात घेतलं की कुणाचं ऐकायच्या नाहीत. शाळेवर सौर पॅनल बसवायचे, विजेचं बिल वाचवायचं आणि त्यातून प्रयोगशाळा उभी करायची, यासाठी त्यांनी चार वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. मंजुरी आली तेव्हा गवंडीकाम करणाऱ्या दिराला त्यांनी शाळेच्या गच्चीवर नेलं. त्याने चार ठिकाणी हातोडी ठोकून पाहिली.

"वहिनी, हा स्लॅब थकलाय. याला भोकं पाडू नका. पटांगणात बसवा."

पटांगण अडलं तर मुलं खेळणार कुठे, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं. बाईंनाही घाई झालेली. पॅनल गच्चीवरच बसले.

दोन वर्षं दृष्ट लागावी असं चाललं. बिल निम्म्यावर आलं, गच्चीखालच्या खोलीत प्रयोगशाळा उभी राहिली, सूक्ष्मदर्शक आले, वर्गांत जास्तीचे दिवे लागले आणि ढगाळ दिवशीही मागच्या बाकांवरून फळा दिसू लागला. दुसऱ्या शाळांची माणसं बघायला येऊ लागली. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेच्या छताला ओल धरली. नेमके पाहुणे यायचे होते. बाईंनी शिपाईमावशींकडून डागावर चुना मारून घेतला. पाहुणे गेले की दिराला दाखवू, असं ठरवलं, आणि ते राहून गेलं.

महिन्याभराने मधल्या सुट्टीत छताचा तुकडा कोसळला. मुलं बाहेर होती. मावशी टेबलं पुसत होत्या. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं.

चौकशीत ठपका पॅनल बसवणाऱ्या ठेकेदारावर आला. चुन्याचं कुणी विचारलंच नाही, तेव्हा बाईंनी आपणहून लिहून दिलं. चौकशीच्या साहेबांनी तो कागद परत केला. कशाला अंगावर ओढून घेता, म्हणाले. पॅनल पटांगणात उतरवले, दिवे पुन्हा लागले.

बाई दर रविवारी मावशींकडे जायच्या. केस विंचरून द्यायच्या, मग तिथेच बसून रडायच्या. मावशींची सून चहा ठेवून आत जायची. एका रविवारी मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या,

"बाई, आता येत जाऊ नका. तुम्ही आलात की मलाच तुमची समजूत काढावी लागते. तेवढा दम राहिला नाही माझ्यात."

बाई उठल्या. सून दारापर्यंत आली, आणि त्या पायरी उतरायच्या आत तिने कडी लावून घेतली. त्यानंतर बाई तिकडे गेल्या नाहीत.